ग्रीक चांदीच्या नाण्यांवरचे इवले प्राणी : उंदीर, टोळ, हत्ती आणि कुपा

टांकसाळ

प्राचीन ग्रीक नाणी म्हटलं की अथेन्सचं घुबड आणि अलेक्झांडरचं नाणं एवढंच डोळ्यांसमोर येतं. हा धागा त्या मोठ्या चित्रांसाठी नाही. मुख्य चित्राच्या कडेला, कणसाच्या पानावर, डॉल्फिनच्या पोटाखाली, देवीच्या मानेमागे जे तीन-चार मिलिमीटरचे प्राणी कोरलेले असतात, त्यांच्यासाठी काढलाय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. खिशाला झेपेल इतक्या पैशांत ग्रीक चांदी जमवायची असेल, तर या इवल्या प्राण्यांच्या मागे जावं. मोठं चित्र शहराचं, ते सहसा पिढ्यानपिढ्या बदलत नाही. कडेचा प्राणी बहुधा एखाद्या अधिकाऱ्याचा किंवा एखाद्या खेपेचा असतो, आणि टांकसाळीत प्रत्यक्ष काम कसं चालायचं ते त्याच्यावरून कळतं.

मेटापोंटमपासून सुरू करतो. दक्षिण इटलीत टारांटोच्या आखातावर ग्रीकांनी वसवलेलं हे शहर जवाच्या शेतीवर श्रीमंत झालं आणि त्यांनी नाण्यावर जवाचं कणीस घातलं. इ.स.पूर्व ५४० च्या सुमारास सुरू झालेली त्यांची पहिली नाणी मोठी देखणी आहेत. चकती पातळ आणि पसरट, पुढे कणीस उठावाचं, मागे तेच कणीस आत दबलेलं. यातल्या काहींवर कणसाच्या शेजारी एक टोळ असतो. पुढे इ.स.पूर्व चौथ्या शतकात पुढच्या बाजूला डिमीटर देवीचं मस्तक आलं आणि कणीस मागे गेलं. आता कणसाला एक लांब पान फुटलेलं दिसतं आणि त्या पानावर खेपेगणिक वेगळं चिन्ह बसतं. त्यातला उंदीर माझा सर्वांत आवडता. पाठ वाकवून बसलाय, शेपटी पानाच्या उतारावर सोडलीय. ८ ग्रॅमच्या आतबाहेरचं नाणं आणि त्यावर कोरणाऱ्यानं उंदराचे कानसुद्धा सोडलेले नाहीत.

सिसिलीतलं आक्रागास म्हणजे आजचं आग्रिजेंतो. त्यांचं नेहमीचं चित्र पुढे गरुड आणि मागे खेकडा. इ.स.पूर्व ४०६ मध्ये कार्थेजच्या फौजेनं शहर उद्ध्वस्त केलं. त्याच्या थोडंच आधी त्यांनी दहा द्राखमांचं (द्राखमा हे ग्रीक चांदीच्या नाण्यांचं एकक) प्रचंड नाणं पाडलं होतं. ससा मारून त्याच्यावर दोन गरुड उभे, आणि कडेला एक टोळ. ही नाणी आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरलीत, त्यामुळे आपण ती चित्रातच बघायची. पण त्या टोळाकडे नीट बघा. गरुडांच्या त्या थरारात तो निवांत बसलाय.

टारास म्हणजे टारांटो. तिथल्या नाण्यांवर डॉल्फिनवर बसलेला तरुण असतो आणि डॉल्फिनच्या खाली शिंपला, घुबड, माकूल असं काहीतरी. इ.स.पूर्व २८० मध्ये रोमशी लढायला टारासनं एपायरसच्या पिऱ्हस राजाला बोलावलं. तो हत्ती घेऊन उतरला आणि त्या काळातल्या नाण्यांवर डॉल्फिनखाली चक्क इवला हत्ती आला! त्याच सुमारास नाण्याचं वजन ७.९ ग्रॅमवरून ६.५ ग्रॅमवर उतरलं. लढाईचा खर्च नाण्यातल्या चांदीतून निघत होता. राजा आल्याची खबर आणि तिजोरीची हालत, दोन्ही एकाच नाण्यावर.

आता माझा खरा जीव जडलाय तो क्यूझिकोसवर. तुर्कस्तानात मारमारा समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावर, आजच्या एर्देकजवळ हे शहर होतं. काळा समुद्र आणि भूमध्य समुद्र यांच्यामध्ये ये-जा करणारे ट्यूना माशांचे थवे याच वाटेनं जायचे. ट्यूना म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचा कुपा. शहर या माशावर इतकं पोसलं गेलं की त्यांच्या नाण्यांवर चित्र कसलंही असो, कुठेतरी कुपा असायचाच. मोठी नाणी सोनं-चांदीच्या मिश्रणाची, आपल्या आवाक्याबाहेरची. चांदीची सुटी नाणी मात्र इ.स.पूर्व पाचव्या शतकात भरपूर पाडली गेली आणि आजही मिळतात. त्यातलं एक इवलं नाणं ०.४ ग्रॅमचं, म्हणजे जेमतेम तीन-साडेतीन गुंजा.

दहापट भिंगाखाली त्याची पुढची बाजू अशी दिसते. डावीकडे तोंड केलेलं रानडुक्कर, फक्त पुढचा अर्धा भाग. पाठीवरचे राठ केस एकेक करून ओढलेले. काही ठशांवर खांद्यावर उलटं कोरलेलं कॅपा हे ग्रीक अक्षर. आणि डुकराच्या मागे, नाण्याच्या अगदी काठाला, डोकं वर करून उभा कुपा. मागे खोलगट चौकोनात जबडा उघडलेला सिंह.

चकती ठशापेक्षा लहान असायची, त्यामुळे ठोकताना जरा इकडेतिकडे झालं की पहिला बळी कुप्याचा. डुक्कर सुंदर आणि मासा गायब, अशी नाणी ढिगानं मिळतात. माझा आग्रह असा की डुकराचा पाय कापला गेला तरी चालेल, अखंड कुपा असलेलं नाणं घ्या. तोच त्या शहराचा धंदा आहे.

कुणाकडे अशी नाणी असतील, संग्रहालयांत पाहिली असतील तर जरूर लिहा. चुकलं असेल तिथे सांगा.

सावली

वाचनखूण साठवली! एक मूलभूत प्रश्न. हे प्राणी नेमके कशासाठी? अधिकाऱ्याची सही म्हणून, की नुसती शोभा?

टांकसाळ

@सावली, सगळीकडे एकच उत्तर लागू होत नाही. सगळ्यांत स्वच्छ उदाहरण अथेन्सचं. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकात त्यांनी नव्या धाटणीची मोठी नाणी काढली. घुबड आडव्या कुंभावर उभं, भोवती ऑलिव्हच्या पानांची माळ. त्यात अधिकाऱ्यांची नावं, शेजारी चिन्ह, कुंभावर महिन्याचं अक्षर. चिन्ह पहिल्या अधिकाऱ्याबरोबर बदलतं. एका वर्षीच्या नाण्यांवर अँटिओकस हे नाव आहे आणि घुबडाशेजारी हत्ती. म्हणजे इथे चिन्ह माणसाशी बांधलेलं आहे, हे निर्विवाद.

जिथे नावं नाहीत तिथे ठसे वाचावे लागतात. नाणं पाडताना खालचा ठसा ऐरणीत घट्ट बसवलेला असायचा, वरचा ठसा हातात धरून त्यावर घण घालायचे. वरचा ठसा सगळा मार खाई आणि लवकर फुटे. त्यामुळे खालच्या एका ठशाच्या हयातीत वरचे अनेक ठसे बदलले जात. आता समजा, खालच्या ठशातून नाण्याच्या पुढच्या बाजूला मस्तक उठतं आणि त्याला डोळ्याजवळ बारीक तडा गेलाय. मागे मधमाशी असलेल्या नाण्यांवर तो तडा केसाइतका आहे आणि मागे द्राक्षांचा घड असलेल्या नाण्यांवर तो गालापर्यंत आलाय. म्हणजे मधमाशी आधीची, घड नंतरचा. असे शेकडो दुवे जोडून अभ्यासकांनी टांकसाळींचं वेळापत्रक लावलंय. घरी बसून, लिलावांच्या फोटोंवरून हे आपल्यालाही करता येतं. याच्याइतका आनंद मला नाणं विकत घेण्यातही मिळत नाही.

सरावाला थ्रेसमधल्या खेर्सोनेसची नाणी घ्या, म्हणजे आजचं गॅलिपोली. इ.स.पूर्व चौथ्या शतकातली, साधारण २.४ ग्रॅमची. पुढच्या बाजूला मान वळवून पाठीमागे बघणारा सिंह, मागच्या बाजूला चार खणांचा चौकोन. दोन खण खोल, त्यात एक ठिपका आणि एक चिन्ह. ही चिन्हं इतकी तऱ्हेतऱ्हेची आहेत की फक्त यांचाच संग्रह करणारे लोक आहेत.

रानभूल

सुंदर धागा. मी नाणी जमवत नाही, पण शेतकऱ्याच्या घरातली आहे. जवाच्या कणसावर उंदीर आणि टोळ कोरणं मला शोभेचं वाटतच नाही. २०२० च्या मे महिन्यात विदर्भात टोळधाड आली होती, तेव्हा लोक रात्र-रात्र डबे वाजवत आणि धूर करत बसले होते. ज्याचं पीक उभं असतं त्याला टोळ कसा दिसतो ते तेव्हा पाहिलंय. या शहराला आपल्या धान्याचे वैरी नाण्यावर का घ्यावेसे वाटले असतील?

टांकसाळ

@रानभूल ताई, फार नेमकं विचारलंत. या नाण्यांवर टोळ का, याचं उत्तर त्या शहरानं लिहून ठेवलेलं नाही. पण ग्रीक लोक या वैऱ्यांना देवाच्या ताब्यात देत असत, हे पक्कं ठाऊक आहे. पॉसॅनियस हा इ.स. दुसऱ्या शतकातला प्रवासी लिहितो की अथेन्सच्या अक्रॉपोलिसवर टोळ हाकणाऱ्या अपोलोची कांस्यमूर्ती होती आणि ती फिडियसनं घडवली असं लोक सांगत. ट्रॉयच्या परिसरात अपोलोचं उंदरांवर हुकमत असलेलं रूप पुजलं जाई. तिथल्या क्रिसे गावात स्कोपास या शिल्पकारानं घडवलेल्या मूर्तीच्या पायाशी उंदीर होता, असं ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो सांगतो. म्हणून पानावरच्या उंदराकडे शेतकऱ्याच्या नजरेनं बघणाऱ्यांच्या बाजूनं मी आहे. अधिकाऱ्याचं चिन्ह असलं तरी जवाच्या गावातल्या माणसानं शेकडो प्राण्यांतून उंदीर निवडला, त्यात काहीतरी आहेच.

गोदाकाठ

हत्तीचा उल्लेख वाचून राहवलं नाही. अलेक्झांडरच्या सेल्यूकस या सेनापतीला चंद्रगुप्त मौर्याकडून ५०० हत्ती मिळाले, ही नोंद स्ट्रेबोचीच. त्यानंतर भूमध्य समुद्राकाठच्या लढायांत भारतीय हत्ती दिसू लागतात आणि पिऱ्हसचे हत्तीही भारतीय वंशाचे असावेत असं बहुतेक इतिहासकार धरतात. टारासच्या डॉल्फिनखालचा हत्ती असा आपल्या बाजूचा आहे.

आणि ग्रीक चांदी आपल्याकडे प्रत्यक्ष आलीच होती. अपोलोडोटस या हिंद-ग्रीक राजाचं चौकोनी नाणं बघा. वजन २.४ ग्रॅमच्या आसपास, एका बाजूला हत्ती आणि ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला वशिंडाचा बैल आणि खरोष्ठीत 'महाराजस अपलदतस त्रातरस'. इ.स. पहिल्या शतकातला, 'पेरिप्लस' या ग्रीक सागरी व्यापाराच्या मार्गदर्शिकेचा कर्ता लिहितो की भडोचच्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनँडर यांचे जुने द्राखमा अजून चालतात. तोच पुढे भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर असल्याचं सांगतो.

याच द्राखमांच्या धर्तीवर पश्चिम क्षत्रपांनी आपली चांदीची नाणी पाडली. त्यांच्यातल्या नहपान राजाच्या नाण्यावर त्याचं मस्तक आणि भोवती ग्रीक अक्षरं आहेत. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला अशा तेरा हजारांहून जास्त नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप पुन्हा ठोकलाय. नहपानाचं नाक आणि त्यावर सातवाहनांची टेकडी! ज्यांना हे सगळं शिस्तीत शिकायचंय त्यांनी नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे तिथे जाऊन यावं. संग्रहालयही आहे.

सह्यकडा

+१. गोदाकाठ, यावर स्वतंत्र धागा काढाच.

दादर_टीटी

माझ्या मोठ्या मामांनी फार वर्षांपूर्वी परदेशातल्या एका पर्यटनस्थळी अथेन्सचं घुबड घेतलं होतं, आता ते माझ्याकडे आलंय. सोनाराकडे वजन केलं, ११.४ ग्रॅम भरलं. काठावर पूर्ण फिरणारी एक बारीक रेघ आहे. घुबड स्पष्ट दिसतं, पण अक्षरं गुळगुळीत आहेत. खरं असेल का?

टांकसाळ

@दादर_टीटी, खरं नाही. चार द्राखमांच्या घुबडाचं वजन १७.२ ग्रॅमच्या आसपास असायचं आणि अथेन्स त्याबाबतीत फार काटेकोर होतं. झिजलेलं असलं तरी १६ च्या खाली सहसा जात नाही. काठावरची रेघ म्हणजे साच्याचे दोन अर्धे जुळल्याची खूण. प्राचीन नाणं ठोकून पाडलेलं असतं. त्यात धातू चहूकडे दाबला जातो आणि काठाला नैसर्गिक चिरा पडतात, अखंड शिवण येत नाही. अक्षरं गुळगुळीत आणि पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे बुडबुडे दिसले तर ओतकाम समजावं.

खात्री हवी असेल तर सोनाराकडूनच घनता काढून घ्या. नाणं दोऱ्यानं पाण्यात टांगून वजन करायचं आणि हवेतल्या वजनाला दोन्हींतल्या फरकानं भागायचं. शुद्ध चांदी १०.५ च्या जवळ येते, जस्ताचे हलके मिश्रधातू लगेच उघडे पडतात. मामांची आठवण म्हणून मात्र नाणं जपून ठेवा.

गोदाकाठ

यात एक भर. कमी वजनाचं प्रत्येक नाणं आजकालचं नकली असतं असंही नाही. आत तांबं आणि वरून चांदीचा पत्रा अशी बनावट नाणी त्या काळातही होती. त्यांचा पत्रा फाटला की आतलं हिरवं-तपकिरी तांबं दिसतं. म्हणूनच जुन्या नाण्यांवर छिन्नीचा घाव घातलेला आढळतो, समोरच्यानं आतली चांदी तपासून घेतलेली असते. वरच्या वर्णनातली काठाची रेघ पाहता हा तो प्रकार नाही.

न्यूजर्सीकर

मी इथल्या लिलावांतून ग्रीक सुटी नाणी घेतो. अनुभवाचे बोल : आधी कागद बघा, मग किंमत. नाणं कुठल्या संग्रहातून आलं, आधी कुठल्या लिलावात कोणत्या साली विकलं गेलं, हे लिहिलेलं नसेल तर मी पुढे जात नाही. तुर्कस्तान, ग्रीस, इटली या देशांतून जमिनीतून निघालेली नाणी बाहेर नेणं बेकायदा आहे आणि अमेरिकेनं या देशांशी करारही केलेत. शोधयंत्र घेऊन रात्री शेतं उकरणारे लोक नाणं नेतात आणि ते कुठे, कशाबरोबर पुरलेलं होतं ही माहिती कायमची पुसून टाकतात. टांकसाळ यांनी लिहिलेल्या ठशांच्या हिशोबालाही त्या माहितीचा आधार लागतो.

बड्या लिलावांतही डोळे उघडे हवेत. सीझरच्या खुनाची तारीख कोरलेलं ब्रुटसचं सोन्याचं नाणं २०२० मध्ये लंडनला बत्तीस लाख पौंडांहून जास्त किमतीला गेलं. पुढे त्याच्या आधीच्या मालकीची कागदपत्रं खोटी निघाली आणि २०२३ मध्ये ते ग्रीसला परत द्यावं लागलं.

सावली

आणि भारतात? आपल्याकडे अशी नाणी बाळगता येतात का?

गोदाकाठ

@सावली, शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतं आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यामुळे भारतात असलेलं नाणं परदेशी लिलावात पाठवायचा विचारही करू नये. जमिनीत सापडलेल्या ठेव्याला १८७८ चा कायदा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक. नांगराच्या फाळाला लागलेलं मडकं हळूच सोनाराकडे जातं आणि वितळतं, हे अजूनही घडतं. जोगळटेंभीचा साठा तसा वितळला असता तर नहपान आणि गौतमीपुत्र यांचा झगडा आपल्याला नुसत्या शिलालेखांतूनच वाचावा लागला असता.

रानभूल

आमच्या गावातल्या पोरांना हे शेवटचं वाक्य वाचून दाखवणार आहे.

सह्यकडा

टांकसाळ, आता मोह होतोय. पहिलं नाणं कुठलं घेऊ? काळ्या समुद्राजवळच्या अपोलोनियाची जहाजाचा नांगर आणि शेवंडीसारखा प्राणी असलेली नाणी स्वस्तात दिसतात.

टांकसाळ

@सह्यकडा, निवड छान आहे, पण एक भेद लक्षात ठेवा. नांगराच्या मागच्या बाजूला जीभ काढलेली गॉर्गन ही राक्षसी असेल तर तो तीन ग्रॅमच्या आसपासचा द्राखमा, तो भरपूर मिळतो. मागे अपोलोचं मस्तक असलेलं सव्वा ग्रॅमचं नाणं मात्र पहिल्या खरेदीत घेऊच नका. १९८० च्या दशकाच्या शेवटी अशा नाण्यांचा मोठा साठा बाजारात आला, त्यावरून तज्ज्ञांत कडाक्याचे वाद झाले आणि आज ती नाणी नकली मानली जातात. ठसे इतके सफाईदार होते की जाणतेही फसले.

गॉर्गनवालं घेताना शेवंडीसारख्या प्राण्याच्या दोन्ही नांग्या चकतीवर आहेत ना, ते बघा. घेण्याआधी 'कॉर्पस नुमोरुम' या संकेतस्थळावर ठसे पडताळा. थ्रेस आणि क्यूझिकोसचा मिसिया हे दोन्ही प्रांत तिथे फुकट बघायला मिळतात. अलेक्झांडरच्या नाण्यांकडे वळलात तर अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीचं 'पेला' हे संकेतस्थळ उघडा. चिन्हांवरून शोध घेता येतो.

घरी आल्यावर चिंच, लिंबू, रांगोळी, टूथपेस्ट यातलं काहीही लावायचं नाही. इतक्या जुन्या चांदीचे आतून अनेकदा स्फटिक झालेले असतात, मग ती वाकत नाही, काचेसारखी तुटते. माती असेल तर शुद्ध पाण्यात भिजत ठेवा आणि आपोआप सुटेल तेवढीच सुटू द्या. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत ठेवू नका, त्यातून हिरवा चिकट थर येतो. कागदी पाकीट घ्या आणि त्यावर वजन, कुठून घेतलं आणि आधीचा लिलाव बॉलपेनानं नाणं आत घालायच्या आधी लिहा. मिळालं की इथे फोटो टाका, मागच्या बाजूचाही, मग ठसा जुळवून बघू.